पाच मुक्काम, बत्तीस ताटल्या: डोंगरवाटेवरचं रात्रीचं जेवण

सहा दिवसांची वाट, पाच मुक्काम. गटात १५ ते १९ वयाची २८ मुलंमुली आणि सोबत चार मोठी माणसं. पहिला तळ १,४०० मीटरवर, पुढचे २,१००, २,७०० आणि ३,३०० मीटरवर, शेवटचा पुन्हा खाली १,९०० वर. परवाने, गाड्या, तंबू हे सगळं वेळेवर झालं, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. हे टिपण रात्रीच्या जेवणाबद्दल आहे. दिवसभर पाठीवर १२-१३ किलो वाहून आलेल्या मुलांची रात्र चांगली जाते की वाईट, हे बहुतेक वेळा त्या एका जेवणावर ठरतं.

निघण्याआधी: पदार्थ नंतर, पातेलं आधी

मोठ्या गटाच्या स्वयंपाकात पहिली चूक घरीच होते. कोणीतरी पदार्थांची यादी करतं, मग सामान येतं, आणि शेवटी कुणाच्या तरी घरातलं सर्वांत मोठं पातेलं पिशवीत जातं. क्रम उलटा हवा. आधी पातेलं, मग स्टोव्ह, मग पदार्थ.

हिशोब साधा आहे. चाललेलं तरुण पोर रात्री सहज पाऊण लिटर अन्न खातं. आठ जणांचे सहा लिटर झाले. पातेलं तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरलं की ढवळताना सांडतं आणि उकळी आली की उतू जातं, म्हणून सहा लिटरसाठी आठ लिटरचं पातेलं लागतं. त्याहून मोठं पातेलं गॅसच्या छोट्या स्टोव्हवर स्थिर बसत नाही आणि मधोमध करपतं. म्हणूनच ३२ जणांची एक चूल न मांडता आठ-आठांच्या चार चुली केल्या. प्रत्येक चुलीत सात मुलं आणि एक मोठं माणूस. सामान: आठ लिटरचं पसरट पातेलं, चार लिटरचं दुसरं, दोघांना घट्ट झाकणं, एक सांडशी, लांब दांड्याचा लाकडी चमचा आणि २०० मिलिलिटरचं ओगराळं. ओगराळ्याचं माप माहीत असणं फार महत्त्वाचं. का ते पहिल्या रात्रीत येईल.

स्टोव्ह नळीचा घ्यावा, म्हणजे बर्नर जमिनीलगत आणि गॅसचा डबा बाजूला. डब्याच्या डोक्यावर बसणारे स्टोव्ह एक-दोघांच्या भांड्यासाठी ठीक असतात. आठ लिटरचं भरलेलं पातेलं त्यावर डुगडुगतं, आणि रुंद तळाची उष्णता परतून थेट डब्यावर येते.

गॅस किती लागेल? एक लिटर पाणी उकळायला, वारा नसेल आणि झाकण असेल तर, १२ ते १५ ग्रॅम. एका चुलीवर संध्याकाळी सूप, जेवण, गरम पेय आणि भांड्यांचं पाणी मिळून साधारण १० लिटर तापतं, वर शिजवण्याचा वेळ. म्हणजे १७० ग्रॅम. सकाळचे ७० धरले तर दिवसाला २४०, पाच दिवसांचे १,२००. प्रत्येक चुलीला ४५० ग्रॅमचे तीन डबे आणि राखीव म्हणून २३० ग्रॅमचा एक दिला. वाऱ्यात आणि थंडीत हा आकडा दीडपट होऊ शकतो, म्हणून राखीव डबा घरी ठेवून वजन वाचवायचा मोह टाळा.

माणशी शिध्याचं आमचं प्रमाण असं: कोरडं धान्य, पास्ता किंवा नूडल्स १३० ग्रॅम, डाळ किंवा सोया ३० ते ४५ ग्रॅम, तेल १५ मिलिलिटर, चीज ३० ग्रॅम, सूपची पावडर १५ ग्रॅम, शेवटी चॉकलेट किंवा बिस्किटं ४० ग्रॅम. हे सगळं मिळून हजार किलोकॅलरीच्या आसपास जातं. तेलाकडे दुर्लक्ष करू नका. एका ग्रॅममागे नऊ किलोकॅलरी देणारं, न शिजवता घालता येणारं दुसरं काही शिध्यात नसतं. पहिल्या दिवशी मुलं प्रमाणापेक्षा कमी खातात, तिसऱ्या दिवसापासून जास्त. म्हणून पहिल्या रात्रीचं धान्य थोडं कमी करून ते पाचव्या रात्रीत टाकलं.

आणि क्रम. शिजायला सर्वांत वेळ लागणारं आणि सर्वांत जड ते खालच्या तळावर, नुसत्या गरम पाण्यात होणारं ते सर्वांत वरच्या तळावर. दर ३०० मीटर चढल्यावर पाणी सुमारे एक अंश कमी तापमानाला उकळतं. ३,३०० मीटरवर ते ८९ अंशांच्या आसपास उकळतं; तिथे डाळ शिजवायला बसलात तर अर्धा गॅस तिथेच संपेल. राजमा तर या यादीत कुठेच नको. कच्च्या राजम्यातलं विषारी प्रथिन नष्ट व्हायला पूर्ण १०० अंशांची खळखळती उकळी निदान दहा मिनिटं लागते. अर्धवट शिजलेला राजमा पोटाला वाईट बाधतो, आणि उंचीवर ते तापमानच मिळत नाही.

खाण्याच्या अडचणींचा कागद तीन आठवडे आधी भरून घेतला. 'शाकाहारी की मांसाहारी' एवढ्यावर थांबू नका. कशाची अ‍ॅलर्जी, ती झाली की काय होतं, औषध कुठे असतं, हे स्वतंत्र विचारा. दोघांना सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी, एका मुलीला दूध सोसत नाही, एका मुलाला गहू पूर्ण वर्ज्य. उपाय तीन. शेंगदाणे आणि सुकामेवा चारही चुलींतून बाद, कारण चमचे इकडचे तिकडे होतातच. चीज आणि दूध पावडर पातेल्यात न घालता ताटलीत वाढायची. आणि गहू वर्ज्य असलेल्या मुलासाठी वेगळं छोटं पातेलं न करता त्याची अख्खी चूल गव्हाविना ठेवली. आठही जण तांदूळ आणि तांदळाच्या नूडल्स खाणार. वेगळं पातेलं म्हणजे वेगळा स्टोव्ह, वेगळा चमचा, आणि अंधारात कधीतरी होणारी चूक. शिवाय पंगतीत एकट्याने वेगळं जेवणं कुठल्याच सोळा वर्षांच्या मुलाला आवडत नाही. सूपच्या पावडरीत गव्हाचं पीठ असू शकतं, तेव्हा पाकिटामागचं सगळं वाचा. अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन सुक्यामेव्याची बाधा होणाऱ्या मुलाच्या अंगावरच्या खिशात आणि दुसरं त्याच्या चुलीच्या मोठ्या माणसाकडे. शिध्याच्या पिशवीत कधीच नाही.

प्रत्येक चुलीचं प्रत्येक रात्रीचं जेवण एका पिशवीत भरून वर चुलीचा क्रमांक, रात्र, पाण्याचं माप आणि कृतीच्या चार ओळी लिहिल्या. पाठीवर वाटताना मात्र एक रात्र पूर्ण एकाच्याच पाठीवर जाऊ दिली नाही. तो मागे राहिला तर सगळी चूल खोळंबते.

दिवस पहिला: १,४०० मीटर, तांदूळ-मसूर आणि ताज्या भाज्या

जंगलातली सोपी वाट, दमट हवा, साडेचारला तळ. पहिली रात्र सरावाची असते, म्हणून उजेड असतानाच स्वयंपाकाला बसलो.

तंबू लागायच्याही आधी सूप. हा एक नियम पाळलात तरी निम्मी भांडणं टळतात. चार लिटरच्या पातेल्यात दोन लिटर पाणी, २० मिनिटांत प्रत्येकाच्या हातात पाव लिटर गरम, खारट सूप. घामातून गेलेलं पाणी आणि मीठ भरून येतं, पोटात ओरडणारे कावळे गप्प होतात, आणि मुख्य जेवणाला ५० मिनिटं लागली तरी कोणी पातेल्याभोवती घुटमळत नाही.

प्रत्येक चुलीसाठी: तांदूळ ७०० ग्रॅम, मसूर डाळ ३५० ग्रॅम, गाजर, कोबी आणि कांदा मिळून ८०० ग्रॅम, पाणी ३.८ लिटर, तेल १२० मिलिलिटर, मीठ सपाट दोन मोठे चमचे. कांदा तेलात परतायचा, भाज्या, मग पाणी. आधण खळखळलं की डाळ, दहा मिनिटांनी तांदूळ. डाळ-तांदूळ एकत्र टाकले तर तांदळाचा गिचका होतो आणि डाळ कच्चट राहते. मीठ आधी दोन तृतीयांश घाला, बाकीचं चव पाहून. ज्या चुलीने सूपची पावडर भाताच्या पातेल्यातही टाकली, तिथे भात खारट झाला, आणि खारट झालेलं सहा लिटर अन्न सुधारायला डोंगरात काही नसतं.

कामाची वाटणी: दोघं स्वयंपाकाला, दोघं पाण्याला, दोघं भांड्यांना, एक वाढायला. दर रात्री फेरा बदलतो. आठवा म्हणजे मोठं माणूस. त्याने चमचा हातात घ्यायचा नाही. बघायचं, विचारायचं, धोका दिसला तरच बोलायचं. हे बोलायला सोपं आणि करायला अवघड आहे, कारण पातेल्याच्या कडेने फेस चढताना दिसत असतो.

आता ओगराळं. पहिल्या रात्री दोन चुलींत डोळ्यांच्या अंदाजाने वाढलं. पहिल्या तिघांच्या ताटल्या शिगोशीग, शेवटच्या दोघांना तळाचं. अशा वेळी हट्टाने मागणारी मुलं मागतात. गप्प राहणारी मुलं 'पुरे मला' म्हणून उठतात आणि रात्री दोनला थंडीने कुडकुडत जागी होतात. दुसऱ्या दिवसापासून नियम केला: पहिल्या फेरीत प्रत्येकाला दोन ओगराळी, म्हणजे ४०० मिलिलिटर. सगळ्यांचं वाढून झाल्यावरच दुसरी फेरी, आणि ती गप्प बसणाऱ्यांपासून सुरू. स्वयंपाक करणाऱ्यांनी शेवटी घ्यायचं. पहिल्या दोन दिवसांनंतर याची आठवण करून द्यावी लागली नाही.

हात धुण्याबद्दल कडक राहा. बाटलीच्या झाकणाला भोक पाडलं की चांगला नळ होतो. साबण, २० सेकंद, मग स्वयंपाक. नुसत्या जेलवर विसंबू नका. उलटी-जुलाब पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. बिस्किटांच्या पुड्यात हात घालायचा नाही, पुडा तळहातावर ओतायचा. पोट बिघडलेल्या मुलाला उलट्या-जुलाब थांबल्यानंतरचे ४८ तास स्वयंपाकाला बसवायचं नाही. बत्तीस जणांत एकाचं पोट बिघडणं ही गैरसोय. दहा जणांचं बिघडलं तर सहल तिथेच संपते.

दिवस दुसरा: २,१०० मीटर, पास्ता

सकाळपासून धुकं. झाडं संपून कुरणं लागली. तळाच्या जागी एक मेंढपाळ भेटला, त्याचा कळप वरच्या उतारावर. पाण्याच्या जोडीला त्याने हाताने थांबवलं आणि ओढ्याचा दुसरा, उजवीकडून येणारा फाटा दाखवला. डावा फाटा त्याच्या मेंढ्यांच्या बसण्याच्या जागेवरून येत होता. खालून दोन्ही सारखेच निर्मळ दिसत होते. पाणी कुठून भरायचं हे भांडं बुडवण्याआधी वर दहा मिनिटं चालून बघावं, आणि तरी उकळावं: खळखळती उकळी एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. जे पाणी जेवणात शिजणारच आहे ते वेगळं उकळत बसू नका, गॅस जातो.

पास्त्याच्या पाकिटावरची कृती मोठ्या गटाला लागू पडत नाही. एक किलो पास्ता भरपूर पाण्यात उकळून निथळायचा तर सात-आठ लिटर पाणी लागतं. आठ लिटरच्या पातेल्यात ते मावत नाही आणि मावलं तरी उकळतं पाणी अंधारात निथळणं हे भाजण्याला आमंत्रण आहे. म्हणून पाणी जिरवून शिजवायचा. एक किलो छोटा, आखूड पास्ता, पावणेतीन लिटर पाणी, मीठ एक मोठा चमचा. पाणी पूर्ण उकळल्यावर पास्ता, पहिली तीन मिनिटं सतत ढवळणं, मग दर मिनिटाला तळ खरवडून एकदा. आठव्या मिनिटाला टोमॅटोची पावडर १५० ग्रॅम, वाळवलेला कांदा आणि भाज्या १२० ग्रॅम (या आधी अर्धा तास थोड्या पाण्यात भिजवलेल्या), सोयाचे बारीक दाणे २५० ग्रॅम आणि त्यांच्यासाठी आणखी ६०० मिलिलिटर गरम पाणी. शेवटी तेल. चीज ताटलीत. गव्हाविना असलेल्या चुलीत हेच सगळं तांदळाच्या नूडल्सवर. त्या मात्र शेवटी टाकायच्या, चार मिनिटांत होतात.

तिसऱ्या चुलीचा पास्ता फसला. भुकेपोटी घाई झाली, पाणी कोमट असतानाच पास्ता पडला. कोमट पाण्यात बाहेरचा थर चिकट होतो पण शिजत नाही. तुकडे एकमेकांना धरतात, गोळा तळाशी बसतो, त्याखाली पाणी फिरत नाही आणि पाचव्या मिनिटाला करपल्याचा वास येतो. अशा वेळी पहिली प्रतिक्रिया जोरात ढवळण्याची असते, आणि तीच सगळ्यांत घातक, कारण करपलेला थर सुटून सगळ्या जेवणात कडवटपणा उतरतो. गॅस बंद करा, न खरवडता वरचं अन्न दुसऱ्या पातेल्यात अलगद काढा, तिथे अर्धा लिटर उकळतं पाणी घालून पुढे शिजवा. त्या चुलीचं असंच निभावलं. फार तर दीड ताटली वाया गेली.

करपलेल्या पातेल्यात थोडं पाणी घालून झाकण ठेवून दोन मिनिटं उकळलं की थर लाकडी चमच्याने सुटतो. वाळूने घासू नका, पुढच्या वेळी चरे पडलेल्या जागीच अन्न लागतं.

दिवस तिसरा: २,७०० मीटर, गारा आणि दलिया

दुपारी दोनला ढग खाली आले, तीनला गारा. वाटाण्याएवढ्या, पंधरा मिनिटं, आणि मग संथ पाऊस रात्री आठपर्यंत. मुलं तळावर आली तेव्हा बोटं आखडलेली, ओल्या पिशव्यांच्या गाठी सुटत नव्हत्या.

पावसात तंबूच्या आत स्टोव्ह पेटवण्याचा विचार कोणाच्या ना कोणाच्या मनात येतोच. साफ नकार द्यायचा. आग हा एक धोका; दुसरा न दिसणारा, न वास येणारा कार्बन मोनॉक्साइड, आणि तो बंद तंबूत माणूस मारतो. प्रत्येक चुलीला चार बाय तीन मीटरचं ताडपत्रीचं छत होतं, मध्ये माणसाच्या उंचीचं, दोन बाजू उघड्या, उतरती कड वाऱ्याकडे. स्टोव्ह उघड्या बाजूजवळ. छत आधी, तंबू नंतर. पावसाच्या दिवशी हा क्रम कळीचा आहे, कारण छताखाली सूप होईपर्यंत तंबू लावायला बोटं पुन्हा चालू लागतात.

दलिया एक किलो, पाणी साडेतीन लिटर, सोयाचे दाणे २५० ग्रॅम, वाळवलेल्या भाज्या, तेल. इथे गॅस वाचवण्याची युक्ती वापरली. उकळी आल्यावर दहा मिनिटं शिजवायचं, स्टोव्ह बंद, घट्ट झाकण, आणि पातेलं झोपण्याच्या फोमच्या चटईच्या तुकड्यात गुंडाळून वर जाकीट. पंचवीस मिनिटं हात लावायचा नाही. सहा लिटरचं पातेलं लवकर गार होत नाही. मोठ्या गटाला मिळणारा हा एक खरा फायदा आहे. तळाला लागण्याची भीती नाही आणि त्या वेळात सगळ्यांना कोरडे कपडे चढवता येतात. गव्हाविना असलेल्या चुलीत दलियाऐवजी तांदूळ, पद्धत तीच, फक्त गुंडाळण्याआधी पाच मिनिटं जास्त शिजवलेला. पातेलं गुंडाळण्याआधी बर्नरपासून दूर नेऊन एक मिनिट खाली ठेवा. तापलेल्या तळावर फोम वितळतो.

अंधारात स्वयंपाक करताना एक गोष्ट सगळ्यांना चकवते. डोक्यावरच्या दिव्याचा झोत पातेल्यातल्या वाफेवर पडला की समोर नुसती पांढरी भिंत दिसते. चमचा कुठे आहे, अन्न किती वर आलंय, काही कळत नाही. दुसऱ्या चुलीतल्या एका मुलीने दिवा डोक्यावरून काढून बाजूच्या काठीला गुडघ्याच्या उंचीवर अडकवला. आडवा उजेड पडताच पातेल्याची कड, बुडबुडे, चमच्याला चिकटलेले दाणे, सगळं लख्ख दिसू लागलं. तासाभरात चारही चुलींचे दिवे खाली आले.

भाजण्याबद्दल इथेच लिहितो, कारण घाई, अंधार आणि चिखल एकत्र आले की ते घडतं. मोठ्या गटात गंभीर इजा नुसती कड्यावरून पडूनच होत नाही, उकळत्या पाण्यानेही होते. आमचे नियम: स्टोव्हभोवती एक मीटरचं वर्तुळ, दोरीने आखलेली लक्ष्मणरेषा, आत फक्त स्वयंपाकाचे दोघं. त्यांच्या पायांत बंद बूट, चपला नाहीत. मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं, म्हणजे सांडलं तर मागे उडी मारता येते. भरलेलं पातेलं वाढण्यासाठी हलवायचं नाही. ताटली जमिनीवर ठेवायची, तीत वाढायचं, मग उचलायची. हातात धरलेल्या ताटलीत कधीच ओतायचं नाही. भाजलंच तर ताबडतोब वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ, तेल, टूथपेस्ट काही नको.

उरलेला भात सकाळसाठी ठेवण्याची विनंती झाली. ठेवला नाही. शिजवूनही जिवंत राहणारे काही जिवाणूंचे बीजाणू कोमट भातात वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. नीट मोजून शिजवलं की उरतही नाही.

दिवस चौथा: ३,३०० मीटर, वारा आणि गॅसचा डबा

पावसाने धुतलेलं आकाश, दिवसभर ऊन, आणि खिंडीजवळ सुरू झालेला वारा. खिंडीत दगडी निवारा होता. तो सांभाळणाऱ्या माणसाने तळाची नेहमीची सपाट जागा सोडून शंभर पावलं खालच्या मोठ्या खडकांच्या आडोशाला जायला सांगितलं. सूर्य मावळला की वारा उतारावरून खाली वळतो, असं तो म्हणाला. तसंच झालं. वरच्या जागी स्टोव्ह पेटलाही नसता.

आडोसा करताना एक चूक टाळा. पत्र्याचा वारारोधक स्टोव्हभोवती पूर्ण गोल लावायचा आणि गॅसचा डबा त्याच्या आत ठेवायचा, हे कधीच नाही. डबा तापून फुटू शकतो. नळीच्या स्टोव्हला वारारोधक लावता येतो, पण डबा त्याच्या बाहेर.

साडेसहाला तापमान शून्याजवळ आलं आणि चौथ्या चुलीची ज्योत मेणबत्तीएवढी झाली. डबा हलवला तर आत गॅस खळखळत होता. कारण असं: डब्यात साधारण ब्यूटेन, आयसोब्यूटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू होतच नाही, आयसोब्यूटेन उणे बारापर्यंत साथ देतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. जळताना प्रोपेन जास्त वेगाने निघून जातं, मागे आळशी ब्यूटेन उरतं. शिवाय द्रवाचा वायू होताना डबा स्वतःच थंड होत जातो. म्हणून अर्धा संपलेला डबा थंडीत दगा देतो. उपाय: ताटलीत दोन बोटं कोमट पाणी घेऊन डबा त्यात उभा करा. कोमट म्हणजे हात सहज बुडवता येईल इतकंच. उकळतं पाणी किंवा ज्योत डब्याजवळ कधीही नाही. दोन मिनिटांत ज्योत परत आली. वरच्या तळासाठी नवा, भरलेला डबा राखून ठेवायचा आणि तो दुपारपासून जाकिटाच्या आत बाळगायचा, हे त्याहून चांगलं.

जेवण: बटाट्याचे फ्लेक्स ७२० ग्रॅम, पाणी ३.२ लिटर, मीठ, तेल. सोयाचे दाणे वेगळ्या पातेल्यात ७०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात, मसाला घालून, दहा मिनिटं झाकलेले. पाणी उकळल्यावर स्टोव्ह बंद, फ्लेक्स एकाने सोडायचे आणि दुसऱ्याने हलक्या हाताने मिसळायचे. जोरात घोटलं तर बटाट्याचा डिंक होतो. वर चीज आणि दूध पावडर, ज्यांना चालतं त्यांना. पाणी उकळल्यापासून ताटलीपर्यंत बारा मिनिटं. या उंचीवर, या थंडीत दुसरं काही योजणं मुलांवर अन्याय आहे.

उंचीवर भूक मंदावते. म्हणून या रात्री सूप पातळ आणि दोनदा, घास लहान, आणि वाढणाऱ्यासोबत मोठं माणूस उभं. ताटली परत करणारा प्रत्येक जण तपासायचा: डोकं दुखतंय का, मळमळतंय का, उलटी झाली का, सरळ रेषेत चालता येतंय का. दमल्यामुळे न जेवणारं मूल सूप पितं, अर्ध्या तासाने चॉकलेट खातं. डोकं दुखत असेल आणि काहीच घशाखाली उतरत नसेल तर तो उंचीचा त्रास धरायचा, वर जायचं नाही, वाढला तर त्याच रात्री खाली. आमच्याकडे दोघांनी ताटल्या परत केल्या. एकीने सूपनंतर बिस्किटं मागितली. दुसऱ्याची डोकेदुखी पाणी आणि विश्रांतीने नऊपर्यंत गेली. तरी रात्रभर त्याच्या शेजारी मोठं माणूस झोपलं.

दिवस पाचवा: १,९०० मीटर, उरलंसुरलं

चौदाशे मीटरचा उतार, गुडघे बोलायला लागले, पण झाडीत शिरताच भूक परतली. या रात्रीसाठी तांदळाच्या नूडल्स माणशी १५० ग्रॅम, भरपूर रश्श्यात, आणि चारही चुलींतलं उरलेलं एका कापडावर मांडून वाटलं. सुकामेवा कुठेच नसल्याने हे निर्धास्तपणे करता आलं. चीज संपलेलं. वाळवलेल्या भाज्या तीन पुडे. सूप उरलं. पहिल्या फेरीतल्या दोन ओगराळ्यांनंतर दुसरी फेरी, तिसरी फेरी, पातेली रिकामी.

भांड्यांची पद्धत एव्हाना बसली होती. ताटलीत दोन घोट गरम पाणी, बोटाने विसळायचं आणि पिऊन टाकायचं. पहिल्या रात्री तोंडं वाकडी झाली, आता कोणी विचारतही नव्हतं. पातेलं आधी रबरी पट्टीने निपटायचं, मग गरम पाणी. खरकटं पाणी जाळीतून गाळून गाळ कचऱ्याच्या पिशवीत, पाणी ओढ्यापासून ६० मीटर लांब पसरून टाकायचं. साबण निसर्गात विघटन होणारा असला तरी ओढ्यात नाही. शिधा आणि कचरा रात्री तंबूपासून दूर, बंद पिशवीत, उंच टांगलेला.

दिवस सहावा: वजनकाटा

तीन तासांत पायथा. गाड्या यायला वेळ होता, तेव्हा उरलेलं सगळं तिथेच स्प्रिंगच्या काट्यावर तोललं आणि पिशव्यांवर लिहिलं. हे घरी गेल्यावर कधीच होत नाही. चार चुली मिळून गॅस: तीन राखीव डब्यांना हात लागला नाही, चौथ्या चुलीचा राखीव निम्मा गेला. सूपची पावडर ६०० ग्रॅम परत आली. माणशी १५ ऐवजी १२ ग्रॅम पुरेल. तेल दुसऱ्या आणि तिसऱ्या चुलीत चौथ्या रात्रीच संपलं होतं, पुढच्या वेळी प्रत्येक रात्रीच्या पिशवीत त्या रात्रीची १२० मिलिलिटरची बाटली वेगळी, दुहेरी पिशवीत. मीठ एकाच डब्यात होतं, आणि तिसऱ्या दिवशी तो डबा असलेला मुलगा सर्वांत शेवटी पोचला. आता प्रत्येक चुलीला दोन छोट्या डब्या, दोन वेगळ्या पाठींवर. तिसऱ्या चुलीतल्या मुलांनी दुसऱ्या रात्रीच्या पास्त्याच्या पिशवीवर कृतीच्या वर जाड पेनाने एक ओळ घातली: 'बुडबुडे दिसल्याशिवाय पास्ता सोडू नये.'